उघडी माती झाकणारी बाग

वाफा खुरपून झाला की दोन दिवस डोळ्यांना बरं वाटतं. माती काळीभोर, भुसभुशीत, रोपं सुटी सुटी उभी. मग पाणी पडतं आणि आठ-दहा दिवसांत त्याच मातीवर हिरवी लव उठते. पुन्हा खुरपं घेऊन बसावं लागतं. मी कितीतरी वर्षं या चक्रात घालवली आणि दर वेळी तणाला दोष देत राहिलो. खरी चूक माझ्या मांडणीत होती. दोन रोपांमध्ये मी हातभर माती उघडी ठेवत होतो.

बागेतल्या बहुतेक कष्टांचं मूळ या उघड्या मातीत आहे. बहुवर्षायू झाडांची निसर्गाला धरून केलेली बाग म्हणजे ती माती जिवंत झाडांनीच, कायमची झाकण्याची रीत. रंगसंगती, फुलपाखरं, पाण्याची बचत हे सगळं त्यामागून येतं.

आधी तण पुन्हा पुन्हा का येतं ते पाहू. मातीत बियांचा मोठा साठा असतो. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने रानटी झाडांच्या २१ प्रकारच्या बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरल्या आणि बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि कोणत्या बिया अजून जिवंत आहेत ते पाहायचं, असा तो प्रयोग. बील गेले, त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनी तो चालू ठेवला. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतल्या काही बिया १४२ वर्षांनी उगवल्या! तुमच्या वाफ्यात खाली काय काय वाट पाहत पडलंय याचा यावरून अंदाज करा. त्यातल्या पुष्कळ बारीक बियांना उगवायला उजेडाचा इशारा लागतो, आणि तो क्षणभर मिळाला तरी पुरतो. आपण माती खणतो, उलटीपालटी करतो, तेव्हा खालच्या बियांना वर आणून तो इशारा आपणच देत असतो. खुरपणीतून पुढच्या खुरपणीची पेरणी होते ती अशी.

निसर्गात माती फार काळ उघडी राहत नाही. दरड कोसळते, नदी गाळ टाकून जाते, वणवा पेटून जातो, तेव्हा ती उघडी पडते. मग जी झाडं झटपट उगवून झटपट बी धरतात ती आधी धावून येतात. त्यांनाच आपण तण म्हणतो. जखमेवर खपली धरावी तशी ती जमिनीवर धरतात. खपली काढत राहिलो तर जखम भरत नाही. तिच्याखाली नवी कातडी यायला हवी, आणि ते काम बहुवर्षायू झाडांचं.

बहुवर्षायू म्हणजे दोन वर्षांपेक्षा जास्त जगणारं झाड. या अर्थाने वडही बहुवर्षायूच, पण बागेच्या भाषेत हा शब्द आपण मऊ देठाच्या झाडांसाठी आणि गवतांसाठी वापरतो. कर्दळ, निशिगंध, लिली, वाळा, गवती चहा ही ओळखीची नावं. थंडीत किंवा कोरड्या हंगामात यातल्या काहींचा वरचा भाग सुकून जातो, पण जमिनीखाली कंद, गड्डा किंवा मूळखोड जिवंत असतं आणि हंगाम आला की तिथूनच नवे फुटवे येतात. तेरडा-झेंडूसारख्या हंगामी झाडाला दर वर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागते. बहुवर्षायू झाडाकडे आधीच्या वर्षाची शिल्लक असते. म्हणून त्याचा पाला तणाच्या आधी जमीन धरतो.

एखाद्या जुन्या ठोंबापाशी भर दुपारी बसून पाहा. पानं हाताने बाजूला सारा आणि बुंध्याशी बोट मातीत खुपसा. माती गार लागते, बोटाला ओल लागते, वर कुजक्या पानांचा पातळ थर असतो आणि त्यात काहीतरी वळवळत असतं. आता तेच बोट शेजारच्या उघड्या मातीत घाला. वरची पापडी कडक, दोन पेरांपर्यंत कोरडी आणि गरम. दोन्ही जागांना ऊन सारखंच मिळालेलं असतं आणि पाणीही. मला या विषयाची गोडी लागली ती पुस्तकांच्या आधी या एका स्पर्शातून.

जमिनीखालची गोष्ट तर याहून मोठी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या जॉन वीव्हर या शास्त्रज्ञाने गवताळ रानात खोल चर खणून मुळं मोकळी केली, मोजली आणि त्यांची चित्रं काढली. कित्येक झाडांची मुळं दोन मीटरच्याही खाली गेलेली होती. त्याहून मोलाचं मला वाटतं ते हे की शेजारी शेजारी वाढणाऱ्या झाडांची मुळं वेगवेगळ्या खोलीवर पसरलेली होती. कोणी वरच्या वितीतलं पाणी घेतं, कोणी मधल्या थरातलं, कोणी फार खालून ओढतं. एवढी दाटी असूनही सगळी जगतात, कारण ताट एकच असलं तरी त्यांचे घास वेगळे. वरही तसंच. काही पानं जमिनीला टेकलेली, काही गुडघ्याएवढी, काही डोक्यावर. आपल्या वाफ्यात याउलट सगळी रोपं एका उंचीची, एका खोलीच्या मुळांची असतात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा. ती मोकळी जागा कोणीतरी भरणारच.

मग कोणती झाडं शेजारी लावायची? इथे इंग्लंडमधल्या शेफील्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ जे. फिलिप ग्राइम उपयोगी पडतात. १९७० च्या दशकात त्यांनी झाडांच्या जगण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या. मी त्यांना दांडगी, सोशिक आणि लगबगी म्हणतो. दांडग्या झाडांना पाणी, ऊन, खत भरपूर मिळालं की ती झपाट्याने वाढून शेजाऱ्याला झाकोळून टाकतात. सोशिक झाडं हळू वाढतात, पण हलक्या जमिनीत, टंचाईत, सावलीत तग धरून राहतात. लगबगी झाडं मोकळी जागा दिसली की येतात, बी टाकतात आणि जातात. खरं झाड यातल्या एका खणात चपखल बसेलच असं नाही, बहुतेकांमध्ये मिश्रण असतं. पण वाफ्यातल्या निम्म्या अडचणी एवढ्यावरून उलगडतात. दांडग्याच्या पायाशी सोशिक लावलं तर दोन वर्षांत ते नाहीसं होतं आणि आपण म्हणतो, "रोप चांगलं नव्हतं." शेजारी निवडताना जोम जुळवावा, फुलांचा रंग नंतर जुळवला तरी चालतो.

खताबद्दल मला इथे ठाम बोलायचं आहे. बहुवर्षायू झाडांच्या मिश्र वाफ्याला सढळ हाताने खत घालू नका. इंग्लंडमध्ये रोदॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून एका गवती कुरणाच्या तुकड्यांवर प्रयोग चालू आहे. काही तुकड्यांना वेगवेगळी खतं मिळतात, काहींना काहीच नाही. खत न मिळालेल्या तुकड्यांत चाळीसच्या आसपास प्रजाती नांदतात. ज्या तुकड्यांना अमोनियमच्या रूपात भरपूर नत्र मिळत गेलं आणि माती आम्ल झाली, तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच उरल्या. खताने गवत वाढलं, पण त्या वाढीचा फायदा दांडग्यांनीच घेतला. भाजीच्या वाफ्याला खत हवंच, कारण तिथून आपण पीक काढून नेतो. इथे आपण काहीच नेत नाही. पाला तिथेच पडतो, तिथेच कुजतो, आणि तेवढं पुरतं.

जमीन सुधारून आवडीचं झाड लावण्यापेक्षा जमिनीला मानवणारं झाड शोधणं, हा या बागेचा पहिला नियम. बेथ चॅटो या इंग्रज बागकाम करणाऱ्या बाईंनी तो डोळ्यांसमोर करून दाखवला. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, त्या देशातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एकात, त्यांची बाग होती. तिथली गाड्या लावायची जुनी जागा त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बागेसाठी घेतली. जमीन नुसती वाळू आणि गोटे. त्यांनी ती फोडली, कुजलेलं खत एकदाच मिसळलं, कोरड्या प्रदेशातली झाडं लावली, वर खडीचा थर दिला. रोपं मूळ धरेपर्यंत पाणी दिलं, त्यानंतर नळी लावली नाही. ती बाग आजही लोक पाहायला जातात.

म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी स्वतःच्या जागेवर एक पूर्ण दिवस काढा. ऊन कुठे, किती तास, पाणी कुठे साचतं, माती मुठीत दाबली की गोळा होते की सुटते, हे पाहा. आणि तिथे आपोआप काय उगवतं ते मुद्दाम पाहा. लव्हाळा जोमात असेल तर जागा ओलसर आहे हे तो न विचारता सांगतो.

आता मांडणीकडे येऊ. बहुवर्षायू झाडांची रचना थरांमध्ये विचारात घेतली की सोपी होते. सर्वांत मोठा वाटा, जवळजवळ निम्मा, जमीन धरणाऱ्या बुटक्या, पसरट झाडांचा. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण बाग टिकते ती त्यांच्यावर. त्यांच्यातून ठरावीक हंगामात डोळ्यांत भरणारी फुलझाडं उठतात. ती चौथ्या हिश्शापासून एक-तृतीयांशापर्यंत चालतात. उंच, ठसठशीत, वर्षभर आकार राखणारी झाडं शेकडा दहा-पंधरा पुरेत. उरलेल्या फटींसाठी लगबग्यांची थोडी मदत घ्यायची. पहिल्या वर्षी ती जागा भरतात आणि पुढे इतरांनी जागा घेतली की आपसूक मागे हटतात. आपण नेमकं उलटं करतो. रोपवाटिकेत फुललेलं, उंच, देखणं झाड आधी उचलतो आणि जमीन धरणारं एकही घरी आणत नाही.

अंतर किती ठेवायचं? मध्यम आकाराच्या झाडांसाठी साधारण ३० सेंमी. म्हणजे एका चौरस मीटरला अकराच्या आसपास रोपं, दहा चौरस मीटरच्या वाफ्याला शंभरेक. हा आकडा ऐकून माणूस दचकतो. पण शंभर रोपं एकदम आणायची गरज नाही. जमीन धरणाऱ्या प्रत्येक प्रकाराचे दोन-चार ठोंब आणा, एका कोपऱ्यात वर्षभर वाढवा आणि मग फोडा. चांगला पोसलेला ठोंब उपटून माती झटकली की त्याचे सुटे कोंब दिसतात, प्रत्येकाला स्वतःची मुळं असतात. हाताने पिळून किंवा धारदार खुरप्याने ते वेगळे करता येतात. एका ठोंबाची सहा-आठ रोपं सहज होतात. वाफाही टप्प्याटप्प्याने भरा. अर्धा वाफा गच्च भरलेला बरा, पूर्ण वाफा विरळ नको.

एकेका प्रकाराची किती झाडं एकत्र लावायची, यावर जर्मनीत रिखार्ड हान्झेन या उद्यानतज्ज्ञाने फार बारकाईने काम केलं. बव्हेरियातल्या वायहेनस्टेफान इथल्या त्यांच्या बागेत वर्षानुवर्षं झाडं तपासली गेली आणि प्रत्येकाची 'संगतप्रियता' पाच पायऱ्यांत नोंदली गेली. काही झाडं एकटी किंवा दोन-तीनच शोभतात आणि तशीच जगतात. काहींना मोठा घोळका लागतो. रानात पाहिलं की हे लगेच कळतं. जमिनीवर सरपटत मुळं फेकणारं झाड चादरीसारखं पसरतं, आणि एका बुंध्यावर ठोंब करणारं इकडे एक, तिकडे एक असं विखुरलेलं दिसतं. बागेत तीच सवय सांभाळली की मांडणी आपोआप रानासारखी दिसायला लागते.

पण रानासारखी दिसणं हीच पुढे अडचण ठरते. शेजारी विचारतात, "ही जागा अशी सोडून का दिली आहे?" प्रश्न रास्त आहे, कारण गच्च वाढलेली बाग आणि दुर्लक्षित जागा यातला फरक अनोळखी डोळ्याला दिसत नाही. अमेरिकेतल्या भूदृश्य-रचनाकार जोन नासॉअर यांनी १९९५ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. अस्ताव्यस्त दिसणारा निसर्ग माणसं स्वीकारतात, फक्त त्याच्याभोवती निगराणीच्या खुणा दिसायला हव्यात. एक सरळ कापलेली कड, नीट झाडलेली पायवाट, बसायला एक बाक, वाफ्याच्या तोंडाशी बुटकी झाडं आणि मागे उंच. चौकट नेटकी असली की आतली दाटी श्रीमंत वाटते. मी हे स्वतः पाहिलं आहे. त्याच वाफ्याला वितभर रुंद विटांची कड लावली आणि लोकांचा सूर बदलला.

न्यूयॉर्कमधली हाय लाइन या बाबतीत पाहण्यासारखी आहे. उंचावरून जाणारा मालगाड्यांचा रेल्वेमार्ग १९८० मध्ये बंद पडला. रुळांमधल्या खडीवर कोणी न लावता गवतं आणि रानफुलं उगवली आणि हवेत तरंगणारं एक रान तयार झालं. पुढे तिथे सार्वजनिक बाग करायचं ठरलं तेव्हा पीट आउडोल्फ या डच रचनाकाराने त्या आपसूक आलेल्या रानाचाच धागा पकडून लागवड आखली. २००९ मध्ये पहिला भाग खुला झाला. आउडोल्फ यांची एक सवय आपण घ्यावी अशी आहे. ते झाड निवडताना फुलाइतकंच फूल गेल्यानंतरचं रूप पाहतात. सुकलेली बोंडं, गवताचे तुरे, काळे पडलेले देठ, त्यांच्यावर पडलेलं तिरपं ऊन. फुलांचा बहर बहुधा तीन-चार आठवडे टिकतो. बाकीचे महिने आकारावर आणि पोतावर काढायचे असतात.

जीवजंतूंविषयी बोलायचं तर साध्या बागेत किती काय मावतं याची कल्पनाच आपल्याला नसते. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या घराभोवतीच्या बागेत तीस वर्षं नोंदी ठेवल्या. अडीच हजारांहून जास्त प्रजाती सापडल्या, त्यात सुमारे दोन हजार कीटक. ती काही अभयारण्याच्या आकाराची जागा नव्हती, शहरी घराचं अंगण होतं.

कीटकांसाठी मध असलेली फुलं लावणं हा अर्धाच भाग झाला. त्यांच्या अळ्यांना पानं लागतात आणि अळ्या बहुतेक वेळा ठरावीक झाडांचीच पानं खातात. कीटकशास्त्रज्ञ डग टॅलॅमी यांनी अमेरिकेतल्या चिकडी या मुठीएवढ्या पक्ष्याबद्दल दाखवून दिलं की पिल्लांची एक वीण वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. इतक्या अळ्या पुरवणारी झाडं म्हणजे मुख्यतः त्या भागातली मूळची झाडं, कारण तिथले कीटक त्यांच्याच पानांवर हजारो वर्षं पोसले गेले आहेत. म्हणून बाहेरचं एकही झाड नको असं मी म्हणणार नाही, पण वाफ्याचा मोठा हिस्सा तुमच्या भागातल्या मूळच्या झाडांचा असावा. आणि पानाला भोक दिसलं की औषध फवारू नका. ते भोक म्हणजे कोणाचं तरी जेवण.

बाहेरची झाडं आणताना एक धोका नक्की लक्षात ठेवा. घाणेरी आणि जलपर्णी ही दोन्ही बहुवर्षायू झाडं सुंदर फुलांसाठी जगभर बागांमध्ये नेली गेली. आज ती किती देशांची डोकेदुखी आहेत हे सांगायला नको. जे झाड तुमच्या भागात बागेबाहेर पसरलेलं दिसतं, ते कितीही देखणं असो, लावू नये.

पहिली तीन वर्षं धीराची. पहिल्या वर्षी झाड आपली सगळी ताकद मुळांत घालतं, वर फारसं दिसत नाही, आणि याच वर्षी तण सर्वांत जास्त येतं. तेव्हा पाणीही द्यायचं आणि खुरपणीही मन लावून करायची. तण खणून काढण्यापेक्षा मातीच्या पृष्ठालगत कापावं, म्हणजे खालच्या बियांना उजेड मिळत नाही. हरळी आणि लव्हाळा मात्र लागवडीआधीच निपटून काढा. ते स्वतः बहुवर्षायू आहेत आणि दाट लागवडीला जुमानत नाहीत. दुसऱ्या वर्षी कडा एकमेकांना भिडायला लागतात. तिसऱ्या वर्षी माती दिसेनाशी होते आणि मग खुरपणी तासांवरून मिनिटांवर येते.

त्यानंतर बाग जागेवर थांबत नाही. एखादं झाड मरतं, दुसरं कुठूनतरी बी पडून उगवतं, तिसरं सरकत सरकत पायवाटेपर्यंत येतं. आपलं काम हळूहळू बदलतं. पाणी घालणं आणि खणणं कमी होतं, पाहणं आणि निवडणं वाढतं. फार पसरलेल्याला थोडं मागे रेटायचं, दबलेल्याला जागा करून द्यायची, मध्यभागी पोकळ झालेला जुना ठोंब उपटून फोडायचा आणि त्याचे तरणे कोंब परत लावायचे.

एकच मोठं काम वर्षातून एकदा येतं, सुकलेलं कापण्याचं. ते झाडं विसाव्याला गेल्या गेल्या करू नका. बोंडांमधलं बी पक्षी खातात, सुक्या पाल्याखाली कीटक दडतात. नवे फुटवे दिसायच्या थोडं आधी कापा आणि कापलेलं तिथेच बारीक करून पसरवा. शिवाय मधमाश्यांसाठी दोन जागा राखून ठेवा. उघड्या मातीविरुद्ध मी एवढं बोललो, तरी उन्हातला, पाणी न साचणारा एक हातभर तुकडा उघडाच राहू द्या, कारण रानातल्या बहुतेक मधमाश्या पोळं करत नाहीत, जमिनीत बीळ करून एकेकट्या राहतात. आणि पोकळ देठाची झाडं कापताना ती बुंध्यापासून न कापता वीत ते हातभर उंचीचे खुंट ठेवा. काही मधमाश्या त्या नळीत शिरून एकामागून एक कप्पे करतात, प्रत्येकात परागाचा एक गोळा आणि एक अंडं ठेवतात आणि शेवटी तोंड मातीने लिंपून टाकतात. खुंटाच्या टोकाशी असं मातीचं बूच दिसलं तर पुढच्या वर्षी तो खुंट कापू नका.